बंद पडलेल्या डब्याला कौल लावण्याची रीत

घरातला कॉम्प्युटर बंद पडला की देवरुखात पहिलं काम म्हणजे ती बातमी पडवीच्या बाहेर जाऊ न देणं. बातमी फुटली की चहाला आधण यायच्या आत तीन माणसं हजर होतात. पहिला म्हणतो, व्हायरस आहे. दुसरा म्हणतो, फॉरमॅट मारून टाक. तिसरा गणपतीला मुंबईहून आलेला असतो आणि परवा परत जायचा असतो, तो म्हणतो, "किती दिवस वापरणार हा डबा? नवा घे." तिघांपैकी कुणीही अजून प्लगकडे बघितलेलं नसतं. चहा मात्र तिघांना लागतो.

या तिघांच्या तावडीतून सुटू इच्छिणाऱ्या सज्जनांसाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. माझा अधिकार काय, असं कुणी विचारील. एक तर माझ्याकडे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आहे. नोकरीत असताना वेतनवाढ अडू नये म्हणून ते मिळवलं आणि फ्रेम करून लावलं. पावसाळ्यात त्याला बुरशी येते, पण नाव अजून वाचता येतं. दुसरं म्हणजे 2012 च्या दिवाळीत घेतलेला एक डेस्कटॉप मी आजतागायत चालवतो आहे. तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, दोन जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्डडिस्क. येताना विंडोज सेव्हन घेऊन आला. पुढे मायक्रोसॉफ्टने विंडोज टेन फुकट वाटलं, तेव्हा 2016 च्या जुलैत, मुदत संपायला दोन दिवस उरले असताना, तेही पदरात पाडून घेतलं. फुकट मिळालेलं पचायला जड जातं, तसं झालं. तेव्हापासून सकाळी बटण दाबायचं, परडी घेऊन परसात जायचं, जास्वंद, तगर, अनंत आणि दूर्वा काढून आणायच्या, त्या धुवायच्या, आणि मग येऊन बघायचं. तोवर पडद्यावर सगळी चित्रं उमटलेली असत. कधीकधी बेलही काढून होत असे.

आता मूळ रीत. आमच्याकडच्या देवळांतून कौल लावतात, तो ज्यांनी बघितला आहे त्यांना वेगळं काही शिकायची गरज नाही. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना भिजवलेले तांदूळ किंवा कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर हो, डावी आधी पडली तर नाही. यातली खरी विद्या तांदळात नाही, प्रश्नात आहे. गुरव एका वेळी एकच प्रश्न घालतो, आणि तोही हो-नाही असं उत्तर येईल असाच. 'पोराचं लग्न कधी, कुणाशी, आणि हुंडा न घेता होईल का' असं एका दमात कुणी विचारलं तर गुरव त्याला बाजूला बसवतो. कॉम्प्युटरपुढे मात्र हाच माणूस एका दमात रॅम काढतो, केबल बदलतो, विंडोज टाकतो, उदबत्ती ओवाळतो. योगायोगाने मशीन चालू पडलंच तर कशाने पडलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, आणि पुढच्या अमावास्येला ते पुन्हा बंद पडतं.

तेव्हा एका वेळी एक गोष्ट. प्रत्येक कौलाची नोंद वहीत. साहित्य थोडंच लागतं: फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर, शाळेतला पांढरा खोडरबर, रंगाचा न वापरलेला ब्रश, टॉर्च (लाइट जाणार आहेच) आणि स्क्रू ठेवायला हळदीकुंकवाची कोयरी. कोयरी घरात विचारून घ्यावी. मी विचारली नव्हती.

प्रश्न चारच आहेत आणि त्यांचा क्रम बदलायचा नाही. वीज आत येते का? येत असेल तर पंखा फिरतो का? फिरत असेल तर पडद्यावर एखादं अक्षर उमटतं का? उमटत असेल तर विंडोजपर्यंत गाडी पोचते का? जिथे पहिला 'नाही' येईल तिथे थांबावं. पुढचं सगळं निरपराध आहे. पंखाच फिरत नसताना व्हायरसला दोष देणं म्हणजे एसटी आगारातून सुटलीच नाही आणि आपण साखरप्याच्या वळणाला शिव्या देतोय, असं आहे.

पहिल्या प्रश्नातच निम्मे रोगी बरे होतात. बोर्डाचं बटण खाली असतं, यूपीएसची बॅटरी संपलेली असते. ती साधारण दोन-तीन वर्षांचीच सोबतीण. त्यानंतर यूपीएस नुसता टूं-टूं करतो आणि लाइट गेल्याबरोबर स्वतःही जातो. यूपीएस वगळून प्लग सरळ भिंतीत लावून बघणं हा पहिला कौल.

इथे अर्थिंगबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. आमचा डबा बरीच वर्षं हात लावला की झिणझिण करत असे. आईची समजूत होती की मशीन जिवंत आहे, म्हणून ती त्याला कधी पाय लागू देत नसे. झिणझिणीचं कारण मला उशिरा कळलं. विजेतला गोंगाट गाळण्यासाठी कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेला. अर्थिंग धड असेल तर ही किरकोळ गळती जमिनीत मुकाट निघून जाते. नसेल तर घरच्या 230 व्होल्टच्या निम्मा दाब, म्हणजे 115 च्या आसपास, पत्र्यावर नुसता बसून राहतो. करंट अगदी थोडा म्हणून माणूस वाचतो. पण आत खरोखरच काही जळलं, तर विजेला जमिनीकडे जायला वाट नसते, आणि मग आपणच वाट होतो. आमच्याकडे जांभा दगड. घर कातळावर असलं तर अर्थिंगचा खड्डा खणणं हेच विहीर खणण्याएवढं काम, म्हणून वायरमन हात आखडतो. खणला तरी कोळसा-मीठ घालून सोडून दिलेला खड्डा एप्रिल-मेमध्ये ठणठणीत कोरडा पडतो. त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं. आमच्या घरी तर खड्डा होता, तारही होती. तीन पिनांपैकी वरची जाड पिन तेवढी कुणीतरी तोडलेली होती, कारण प्लग दोन भोकांच्या जुन्या सॉकेटात बसत नव्हता. ते कुणीतरी मीच होतो. नवा प्लग बसवल्यावर झिणझिण थांबली. आई म्हणाली, गेलं वाटतं बिचारं.

आता डबा उघडायचा. या डब्याला देवरुखात सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे आतल्या पंख्याखाली दबलेली, मारी बिस्किटाहून लहान चौकोनी चिप. पण लोकांनी अख्ख्या वाड्याला मालकाचं नाव दिलं, त्याला काय करणार. उघडण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढावा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरावं, म्हणजे आत साठून राहिलेली वीज निघून जाते. आत एक पत्र्याची पेटी असेल, मागे पंखा असलेली, ती एसएमपीएस, म्हणजे वर सांगितलेला सप्लाय. ती कुणीही उघडू नये. तिच्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठवण असते, आणि प्लग काढल्यावरही ती काही वेळ राहू शकते. बाकी वाड्यात हिंडायला हरकत नाही.

पहिल्यांदा उघडलं तेव्हा माझ्या डब्यात सापडलेल्या गोष्टी: धुळीचं एक अखंड कांबळं, एका मुंगळ्यांच्या वसाहतीचे अवशेष, आणि कोपऱ्यात पालीची दोन पांढरी अंडी. पालीला दोष नाही. श्रावणात देवरुखात ऊब असलेल्या दोनच जागा, चूल आणि हा डबा, आणि चुलीवर आमची ही लक्ष ठेवून असते. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात डबा महिनाभर बंद ठेवला तर आतली पितळी-तांब्याची टोकं काळवंडतात. म्हणून पावसाळ्यात कामं नसली तरी दिवसातून अर्धा तास चालू ठेवावा. चालू असताना त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नये. मी अशी माणसं बघितली आहेत की मॉनिटरला क्रोशाचा रुमाल, डब्याला कव्हर, आणि आत पंखा गुदमरतो आहे.

आता सेलची गोष्ट, कारण या सेलने आमच्या आळीतली निदान चार इंटरनेट कनेक्शनं विनाकारण बदलायला लावली आहेत. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. सीआर 2032, तीन व्होल्ट. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. काही वर्षांनी तो संपतो आणि प्रत्येक वेळी तारीख मागच्या कुठल्यातरी 1 जानेवारीला जाऊन पडते. इतक्याने काय बिघडतं? सगळंच. सुरक्षित वेबसाइटचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध असतं. आपल्या मशीनच्या हिशेबी ती तारीख अजून उगवलेलीच नसते, म्हणून ब्राउझर म्हणतो, ही जागा सुरक्षित नाही. सातबारा उघडत नाही, बँक उघडत नाही, मेल उघडत नाही. घरात ओरड होते की नेट गेलं. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी या दुखण्यावर नवा मॉडेम घेतला आणि कनेक्शनही बदललं. शेवटी चहा-भज्यांच्या पैशात सेल आला आणि सगळं सुरळीत झालं. ते अजून कुणाला हे सांगत नाहीत. मीही नाव सांगत नाही.

पंखा फिरतो, पण पडदा काळाच, असं असेल तर संशय रॅमवर. रॅमची पट्टी दोन्हीकडच्या खिट्ट्या दाबून काढावी, खालच्या सोनेरी दातांवर पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवावा, भुगा ब्रशने झाडावा, पट्टी खट्ट आवाज येईपर्यंत परत बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एक ठेवून बघावी, मग दुसरी. एका वेळी एकच, गुरवाला स्मरून. आंबवला इंजिनिअरिंगला जाणारा शेजारचा मुलगा या उपायाला हसला होता. मशीन चालू झाल्यावर त्याने माझ्याकडे त्याच खोडरबराचा अर्धा तुकडा मागितला.

मशीन चालू होतं पण थोड्या वेळाने पटकन विझतं, कसलीही सूचना न देता, अशी तक्रार असेल तर वही कामाला येते. माझ्या वहीतली एक ओळ: '10.05 चालू, 10.16 बंद. 10.20 चालू, 10.24 बंद.' दुसऱ्यांदा लवकर विझलं, म्हणजे गरम होतंय. खात्री करायची तर चालू करताना, विंडोज यायच्या आधी, बायोसच्या निळ्या-करड्या पानावर जाऊन नुसतं बसून राहावं. तिथे तापमानही दिसतं. तिथेही विझलं तर विंडोज निर्दोष सुटलं, व्हायरसही सुटला. मग पंख्याखालच्या जाळीतलं कांबळं काढावं, प्रोसेसर आणि जाळीमधली पेस्ट वाळून खडू झाली असेल तर पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी. एवढं करूनही विझत राहिलं, तर एसएमपीएस. ती दुरुस्त करायच्या फंदात न पडता बदलावी.

विजांचं एक सांगून ठेवतो. मेच्या अखेरीचा वळीव आणि परतीचा पाऊस, या दोन वेळा आकाश गडगडू लागलं की प्लगही काढावा आणि नेटची केबलही. प्लग सगळे काढतात. केबल राहते, आणि वीज तिथून आत शिरते. स्टॅबिलायझर यातून वाचवत नाही. त्याच्या दिव्याकडे बघून धीर येतो, एवढंच.

आता हार्डडिस्क. इथे मात्र चेष्टा पुरे, कारण बाकी सगळं विकत मिळतं. माझ्या डिस्कवर देवळातल्या मानकऱ्यांची यादी होती, भावबंदांच्या वाटपाचा नकाशा होता, मुलीच्या लग्नाचे फोटो होते आणि आईचा एकमेव व्हिडिओ होता, त्यात ती कॅमेऱ्याला 'बंद कर ते' म्हणते आहे. डिस्क टक्-टक् आवाज करू लागली, किंवा एखादी फाइल उघडताना मशीन मिनिटभर गोठू लागलं, की तपासणीच्या आधी माहिती बाहेर काढावी. तपासत बसलात तर तपासणीतच ती जाते. एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, एक वेगळ्या घरात. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लावावा. त्यात 05 आणि सी5 या दोन ओळी बघाव्या. पहिली सांगते, किती जागा खराब निघाल्या म्हणून बदलल्या. दुसरी सांगते, किती जागा संशयित आहेत. दोन्हीकडे शून्य असेल तर नारळ फोडावा. आकडे वाढत असतील तर नवी डिस्क बघावी. आणि या टप्प्यावर जो कुणी 'फॉरमॅट मारू या' म्हणेल त्याला चहा देऊ नये. ढेकणांसाठी घर जाळण्याची ही रीत आहे, आणि जाळणारा नंतर आपल्या घरी जातो.

माझ्या डिस्कचे आकडे शून्य होते. ती नुसती म्हातारी होती. टास्क मॅनेजर उघडला की डिस्कपुढे कायम 100 टक्के. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीवर एक सुई इकडून तिकडे धावते आणि विंडोज टेन तिला एका वेळी शंभर ठिकाणी बोलावतं. शिमग्यात एकाच पालखीला सगळ्या वाड्यांनी एकाच दिवशी बोलवावं तशी गत. रॅम दोनच जीबी असल्याने जे आत मावत नाही तेही डिस्कवरच येऊन पडतं. म्हणजे फुलं काढून होतात तरी मशीन उठत नाही, यात प्रोसेसरचा काही दोष नव्हता.

इथे 2025 चे गणपती आले, आणि नव्या मशीनचा प्रश्न घरात रीतसर मांडला गेला. विंडोज टेनचे दिवस भरले होते. 14 ऑक्टोबर 2025 नंतर मायक्रोसॉफ्ट त्याला सांभाळणार नव्हतं. विंडोज इलेव्हनला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा. माझा तिसऱ्या पिढीचा. आठ पिढ्यांची अट ऐकून मी थक्क झालो. आमच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, तरी त्यात पाच पिढ्यांच्या पुढे कुणी जात नाही.

मुंबईचा पुतण्या म्हणाला, "काका, नुसता मदरबोर्ड बदला." हा सल्ला ऐकायला स्वस्त वाटतो. ज्यांनी जुन्या कौलारू घराचा एक वासा बदलला आहे त्यांना यातलं गुह्य लगेच कळेल. वासा बदलायचा तर रिपा काढाव्या लागतात, रिपा काढल्या की कौलं फुटतात, नवी कौलं जुन्या मापात बसत नाहीत, आणि वाशासाठी आणलेला सुतार जाताना भिंतही वाकडी असल्याचं सांगून जातो. बोर्ड बदलला की जुना प्रोसेसर बसत नाही. डीडीआर-थ्री रॅमची खाच नव्या बोर्डात जुळत नाही. तेरा वर्षांच्या एसएमपीएसवर नवा बोर्ड लावायला कुणी धजत नाही. शेवटी जुन्यातलं उरतं काय? पत्रा, आणि पालीची अंडी.

तेव्हा माझा नियम असा. जे पुढच्या मशीनमध्ये नेता येईल ते निर्धास्त घ्यावं. ज्याच्यासाठी आणखी तीन वस्तू घ्याव्या लागतील ते घेऊ नये. त्यापेक्षा सरळ नवं घ्यावं. आणि विकत घेण्याआधी हा डबा घरात नेमकं काय करतो ते वहीत लिहावं. माझी यादी: पत्रं टाइप करणं, लाइटबिल, सातबाऱ्याची प्रिंट, मुलीशी रविवारी बोलणं, आणि मानकऱ्यांची यादी, जी दर वर्षी भांडणानंतर दुरुस्त होते. याला आठवी पिढी कशाला हवी?

एक खोच राहते. ज्यांची जुनी पत्रं श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टात आहेत, त्यांनी मशीन बदलण्याआधी ती सगळी पीडीएफ करून ठेवावी, किंवा युनिकोडमध्ये आणावी. तो फॉन्ट नव्या मशीनवर नसला की तीच पत्रं उघडल्यावर मांत्रिकाच्या पोथीसारखी दिसतात. आमच्या एका स्नेह्यांचा पंधरा वर्षांचा पत्रव्यवहार आता असा बीजमंत्रांच्या रूपात सुरक्षित आहे.

मी काय केलं ते सांगतो. अडीच इंची एसएसडी घेतली, हापूसच्या एका बऱ्या पेटीच्या पैशात. जुन्या मशीनच्याच केबलला ती जोडता येते आणि उद्या नव्या मशीनमध्येही नेता येते. जुन्या बाजारातली चार जीबीची डीडीआर-थ्री पट्टी मिळाली. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव एआयवाल्यांच्या मागणीने चढले, त्याआधीच, ही देवाची कृपा. सुरक्षेच्या अपडेटसाठी घरगुती वापराच्या मशीनांना नोंदणी करून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची वाढीव मुदत होती, ती घेतली. ती संपली की लिनक्स मिंट टाकायचा विचार आहे. मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट तिथेही आहे. बँकेचं काम मोबाइलवर नेलं. जुनी हार्डडिस्क काढून टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवली. असल्या वस्तू खरं तर ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत रिसायकलरकडे द्यायला हव्यात. सध्या तरी आमच्या माळ्यावर तांब्याचा हंडा, पाळणा आणि जुना काचेचा मॉनिटर शेजारी शेजारी आहेत, आणि तिघांचंही पुढे काय करायचं यावर घरात एकमत नाही.

पुतण्याला फोन करून सांगितलं की डबा आता वीस सेकंदांत उठतो. तो म्हणाला, "तरी काका, नवा घेतला असता तर…" एवढ्यात लाइट गेली.

फक्त एक घोटाळा झाला आहे. पूर्वी बटण दाबून परडी घेऊन निघालो की सावकाश परसभर फिरून यायचो, मागच्या अनंतापर्यंत. आता पायरी उतरतो तोच आतून विंडोजचा तो टण्ण सूर येतो, आणि पाय मागे वळतात. चार दिवस झाले, ही म्हणते आहे की देवाला जास्वंद एकच कसं येतं.